तळघरातला आर्मां

"आला! आला बघा!" वर्नाबाई ओरडली आणि ओडीलच्या बैठकीत दाटीवाटीनं बसलेल्या सगळ्या बायाबापड्यांनी श्वास रोखला.

थंडीसाठी खिडक्यांवर ताणून चिकटवलेलं प्लास्टिक हळूहळू आत फुगत आलं, कोणी छाती भरून घ्यावी तसं. टेबलावरच्या मेणबत्तीची ज्योत आडवी झाली, ती थेट तळघराच्या उघड्या दाराकडे. खालच्या अंधारात काहीतरी घुमायला लागलं. आणि मग झोपायच्या खोलीतून तो वास आला. स्कंकचा.

स्कंक म्हणजे मांजराएवढा काळा-पांढरा प्राणी. चिडला की शेपटी उचलून असली घाण फवारतो की कपडे फेकून द्यावे लागतात. लोकांच्या पायऱ्यांखाली घुसलेले स्कंक पकडायचा धंदा आर्मां थिबोडोनं जन्मभर केला, त्यामुळे आमच्या बार्लो मिल्स गावात हा वास म्हणजे आर्मां. ओडीलनं त्याला उभ्या आयुष्यात कधी मागच्या दारी कपडे उतरवल्याशिवाय घरात घेतलं नाही. चोळून चोळून आंघोळ घालायची आणि तोंडानं शिव्या चालूच. मागच्या वसंतात तो गेला. त्याचं जाकीट तिनं नाकाशी धरलं, तर त्याला नुसता साबणाचा वास.

"मीच धुतलं गं विनी," ती मला म्हणाली. "माझ्या हातानं मी त्याला घरातून धुऊन काढलं." तेव्हापासून तिचं जेवण सुटलं. उन्हाळाभर ती नुसती वाळत गेली.

आणि नोव्हेंबरात वास परत आला.

मी विनिफ्रेड हॅस्केल, शेजारीण. गावातल्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. पण पहिल्यांदा तो वास नाकात शिरला तेव्हा माझ्याही अंगावर सरसरून काटा आला, खोटं कशाला बोलू?

वर्ना ही वरच्या गावची. मेलेल्यांशी बोलते म्हणे; दर गुरुवारी संध्याकाळी ओडीलकडे बैठक भरवायची. जांभळी शाल, बोटभर काजळ, आणि तोंड म्हणजे चालू पडलेली गिरण. "आत्मा थंडीत पातळ होतो हो! एक फट जरी उघडी राहिली तर गळून जाईल. खिडकीला हात लावू नका. तळघराचं दार मात्र सताड उघडं ठेव ओडील, आणि तिथंच खुर्ची टाकून बस. तो पायरी पायरीनं वर येतोय."

ओडील दिवसदिवस त्या दारात बसायला लागली. पण जेवायलाही लागली, हेही खरं. कधी नव्हे ते हसायची. गाल कसे लालचुटुक दिसत होते.

"डोकं फार ठणकतं गं," ती वर्नाला म्हणाली. "मळमळतं. उठलं की घर फिरतं."

"हात ठेवतोय तो डोक्यावर. मायेचा हात! डॉक्टरकडे गेलीस तर रुसेल."

"मग त्याला म्हणावं, हात जरा हलका ठेव," मी म्हणाले. सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच आर्मांला मारलं होतं.

आदल्या गुरुवारची गंमत तर ऐकाच. गंमत कसली म्हणा. जमलेल्या मंडळींसमोर भिंतीवरची एक पेटी पीं पीं करायला लागली. चारदा वाजे, थांबे, पुन्हा चारदा.

"चार!" वर्ना डोळे मिटून म्हणाली. "चार लेकरं झाली तुम्हाला."

"तीन," ओडील म्हणाली.

"आणि एक, जे जगात आलंच नाही."

ओडीलचा चेहरा पांढराफटक पडला. मग ती जी रडली, ती कोणाच्यानं आवरेना. त्या पोराबद्दल तिनं मलाही कधी सांगितलं नव्हतं. मी पाठ थोपटत बसले आणि पेटीकडे बघायचं राहून गेलं. घरी गेल्यावर डोकं दुखत होतं. मला वाटलं, रडारडीनं.

तर या गुरुवारी पुन्हा तोच थाट. प्लास्टिक फुगलेलं, ज्योत आडवी, वास कोंदलेला. माझी नजर तळघराच्या जिन्यावर गेली, आणि तिथं आर्मां उभा होता. डोक्यावर तीच लाल टोपी. माझ्याकडेच बघत होता.

 डोळे मिटून उघडले, तर नुसता अंधार. कपाळात घण पडत होते.

"बाई, मला उलटीसारखं होतंय," शेजारून रेजिना कुजबुजली. ही माझीच जुनी विद्यार्थिनी. "डोकं फुटतंय नुसतं."

"माझंही," पलीकडून कोणी म्हणालं. "माझंही!" दोघीतिघी म्हणाल्या.

"धन्य आहात तुम्ही!" वर्नाबाईनं हात वर केले. "सगळ्यांवर हात ठेवलाय त्यानं!"

आता मात्र माझं डोकं ताळ्यावर आलं. आर्मांनं हयातीत ओडीलखेरीज कोणाला साधा हात लावला नव्हता, आणि मेल्यावर खोलीभर बायकांची डोकी कुरवाळत फिरणार? मी उठले, धडपडत पुढच्या दाराशी गेले आणि दार सताड उघडलं. बर्फाळ वारा आत घुसला. खिडक्यांवरचं प्लास्टिक क्षणात सपाट झालं.

"अगं काय केलंस हे! आत्मा गळतोय!" वर्ना किंचाळली.

"गळू दे! दार उघडल्याबरोबर याचा श्वास कसा संपला? ओडील, ती भिंतीवरची पेटी कुठाय?"

"फ्रीझरमध्ये." ती ओशाळली. "ब्लूबेरींखाली. सारखं पीं पीं करून तो दमत होता गं."

ती पेटी विषारी वायूची सूचना देणारी होती. धुरातला हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही. आणि ओडीलनं ती आर्मां समजून बेरींखाली पुरली होती.

"सगळे बाहेर!" मी शाळेतल्या आवाजात ओरडले. "कोट घेऊ नका, काही घेऊ नका, आधी बाहेर! रेजिना, अग्निशामकवाल्यांना फोन लाव!"

माणसं उठली. ओडील उठेना. तिनं खुर्चीचे हात घट्ट धरले. "मी नाही येणार विनी. दार उघडलंस तू. आता तो गेला तर परत नाही यायचा. मला राहू दे त्याच्यापाशी."

मी तिला ओढलं, पण ती हलेना. तेवढ्यात मागून ओनेसीम आला. हा ओडीलचा थोरला भाऊ, तिच्याकडेच राहतो, रविवारी चर्चमध्ये दानाची परडी फिरवतो. बुटांच्या कारखान्यात राबून बोटं वाकडी झालेली.

"ओडील, ऊठ. तो आर्मां नाही. मी आहे तो."

"काय बडबडतोस?"

"वास माझा आहे. खाली जुन्या कपाटात झाडं लावलीत मी. गांजाची. त्यांना फुलं आली की स्कंकसारखाच वास सुटतो. या हातांना लावायचं मलम करतो. वास तुला लागू नये म्हणून पंखा बसवला, कोळशाची गाळणी बसवली. तरी वास जाईना, म्हणून मोठा पंखा आणला."

 ओडीलनं खुर्चीचे हात सोडले.

"महिनाभर तुला माहीत होतं? मी त्याच्याशी बोलत बसायचे, ते तू ऐकत होतास?"

"तू जेवायला लागली होतीस गं," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "माझी जीभ उचलेना."

ती उठली. त्याला मारायला उठली. हात उगारला आणि गुडघ्यांतून कोसळली. आम्ही दोघांनी तिला फरपटत बर्फात आणलं.

तळघरात उतरायचा मूर्खपणा मी केला नाही. अग्निशामकवाले तोंडावर मुखवटे चढवून उतरले आणि सगळं उलगडलं. कपाट होतं गरम पाण्याच्या गॅसच्या टाकीशेजारी. ओनेसीमचा पंखा संध्याकाळी सहाला झाडांवरच्या दिव्यांबरोबर सुरू व्हायचा आणि तळघरातली हवा ओढून नळीनं बाहेर फेकायचा. हवा बाहेर चालली, पण आत यायला वाट कुठं होती? वासासाठी ओनेसीमनं खालची एकूण एक फट बुजवलेली, थंडीसाठी ओडीलनं वर प्लास्टिक ताणलेलं. म्हणून ते आत फुगे, म्हणून ज्योत जिन्याकडे वळे. तेवढ्यानं भागेना, तेव्हा हवा धुराड्यातून उलटी खाली येऊ लागली. टाकीचा धूर बाहेर न जाता घरातच राहिला आणि पंखा थांबला की उघड्या दारातून वर चढला. ओडीलच्या खुर्चीपर्यंत. गाळणीतला कोळसा जुना झालेला, त्यात मोठ्या पंख्यानं हवा इतकी जोरात ओढली की वास अडेचना. नळीचं बाहेरचं तोंड झोपायच्या खोलीखाली. तिथल्या खिडकीचं प्लास्टिक एका कोपऱ्यात सुटलेलं, तिथून वास परत घरात.

आणि वर्नाबाईची विद्या? रोज सहाला घुमायला लागतं, हे तिनं दुसऱ्याच खेपेला हेरलं होतं. नेमकी तेव्हाच "आला" म्हणून ओरडायची. दवाखान्यात तिच्याही नाकाला प्राणवायूची नळी होती. "पण मला तो खरंच दिसला होता," ती हळूच म्हणाली.

"मलाही दिसला," मी म्हणाले. "मेंदूला प्राणवायू मिळाला नाही की कोणीही दिसतं."

ओडील वाचली. आणखी एक रात्र त्या दारात काढली असती तर नसती, असं डॉक्टर म्हणाले. शुद्धीवर आल्यावर तिनं मला पहिलं हेच विचारलं.

"म्हणजे तो आलाच नव्हता?"

"नाही गं."

"मग त्या पोराचं तिला कसं कळलं?"

"तिला काही कळलं नव्हतं. आपल्या वयाच्या किती बायकांच्या पोटी असं एक आहे, ओडील. माझ्याही होतं."

तिनं माझा हात धरला. आम्ही दोघी रडलो. हे रडू तिनं इतकी वर्षं कोणापाशी काढलं नव्हतं, आणि ते ऐकायला एक भोंदू बाई भेटावी, याची मला आजही चीड येते. मी भिंतीपलीकडेच तर राहत होते.

ओनेसीमनं कपाट मागच्या छपरीत नेलं, गाळणी नवी आणली. वास गेला. नंतरच्या शनिवारी चर्चच्या तळमजल्यावर घेवड्याच्या उसळीचं गावजेवण होतं. सारं गाव जमलेलं. ओडील काठी टेकत उभी राहिली आणि पिशवीतून ती पेटी काढून टेबलावर ठेवली.

"ही मला जीव तोडून सांगत होती, ऊठ, बाहेर पड. मी तिला फ्रीझरमध्ये घातलं, कारण मला नवऱ्याचा आवाज हवा होता. तुम्हालाही कोणाचा तरी हवा असेल. हवा असू दे, त्यात लाज नाही. पण डोकं दुखलं तर खिडकी उघडा आणि डॉक्टरला विचारा. मेलेल्यांना विचारू नका, त्यांना काही माहीत नसतं." तिनं पेटीवर हात ठेवला. "आर्मां असता तर त्यानंच मला आधी बाहेर ओढलं असतं. आता जेवा, आणि घरी गेलात की आपापली पेटी चालू आहे का बघा."