कोपऱ्यातले टाके

"ताई, ती चौकी बंद आहे ना?" शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने विचारलं. "मग ही वीज कुठून येतेय?"

ताईंनी पडद्याकडे पाहिलं. डोंगरावरच्या गॅसवाहिनीच्या चौकीतून येणारी रेघ वर चढली होती. चौकी हिवाळ्यापासून बंद होती. तिथला राखणदार म्हणजे ताईंचा थोरला भाऊ. कामावर असतानाच छातीत कळ आली आणि गेला. मग गॅस तोडला, दाराला कुलूप लागलं.

"तार बिघडली असेल," त्या म्हणाल्या.

ताईंचं काम यंत्र मोडण्याआधी ते संगणकावर मोडून बघण्याचं. चौकीतलं जनित्र तळहाताएवढं. एका अंगाला ज्योतीची आच, दुसऱ्या अंगाला बाहेरचा गारठा आणि मधल्या इवल्या खांबांतून वीज. पेटवलं की ते फुगायचं, विझवलं की आक्रसायचं. त्या ओढाताणीत कोपऱ्यातल्या खांबांना जोडणारे डाखाचे टाके आधी तडकतात.

रेघ दुसऱ्या दिवशीही चढली. मग रोजच. बिघडलेली तार अशी वागत नाही. सकाळी अगदी हळू चढायची, कारण दादा ज्योत एकदम मोठी करत नसे. "यंत्राला दचकवू नये," म्हणायचा. दुपारी किंचित उतरायची. तेव्हा तो दार उघडून बसायचा आणि वाऱ्याने ज्योत दबायची. संध्याकाळी विझायची.

कुणाला काही न सांगता त्यांनी त्या रेघा गणितात घातल्या. पडद्यावर कोपरा लाल झाला. टाके जवळजवळ चिरले होते. थोड्याच सकाळी उरल्या होत्या.

मेकॅनिकला घेऊन त्या भर दुपारी वर गेल्या. कुलपात तेल सोडावं लागलं. आत जमिनीवर जाड धूळ, पाऊल एकही नाही. बर्नरच्या तोंडावर कोळ्याचं जाळं. मेकॅनिकने जनित्राला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"ताई... गरम आहे हो हे."

ताईंनी तळवा टेकवला. चटका नव्हता. माणसाच्या अंगाला असते तेवढी ऊब होती.

मेकॅनिक दारापर्यंत मागे सरकला होता. "नवा संच आणलाय मी," तो कसाबसा म्हणाला. "बसवू? मग दहा वर्षं बघायला नको."

'हो' ताईंच्या अगदी ओठांवर आलं. पण शेवटच्या फोनवरचा दादाचा आवाज आठवला. "कंटाळलो गं आता. हिवाळा सरला की घरी येतो."

"नको," त्या म्हणाल्या. "बास झालं त्याला."

निघताना त्यांनी दार ओढून घेतलं. कुलूप लावलं नाही.

गणिताने सांगितलं होतं त्याच सकाळी रेघ अर्ध्यावर थरथरली आणि खाली गेली.

"झाली वाटतं तार दुरुस्त," सहकारी म्हणाला.

"हो."

संध्याकाळी त्या दादाच्या घरी गेल्या. वहिनीने दार उघडलं. तिचा चेहरा कितीतरी महिन्यांनी टवटवीत दिसत होता.

"अगं, आज उन्हं वर येईपर्यंत झोपले होते मी," ती ओशाळून म्हणाली. मग आवाज खाली आणला. "उठून बघते तर यांच्या उशीला खळगा पडलेला."

दोघी ओट्यापाशी उभ्या राहून चहा प्यायल्या, कपबशीचाही आवाज न करता, घरात कुणी झोपलं असल्यासारख्या.