झोका

क्रेनच्या केबिनमधून माणसं पेनाच्या टोपणाएवढी दिसतात. त्यातलं पिवळ्या हेल्मेटचं टोपण म्हणजे माझे भावोजी. मी लोड, म्हणजे हुकाला टांगलेला माल, वरून सोडतो, ते खाली स्लॅबवर धरतात. म्हणजे माझा हात चुकला तर विधवा होणार माझीच ताई. आता सांगा, झोप कशी लागेल?

मागे एकदा वाऱ्याने लोड झुलला होता. कुणाला लागलं नाही. पण तेव्हापासून माझा हात बिथरला. जरा हललं की मी क्रेनचा दांडा उलटा ओढायचो. झोका अजून वाढायचा. मुकादमाने तेव्हाच स्पष्ट सांगितलं, "इमारतीच्या मोठ्या काचा चढवायच्या दिवशी असं झालं तर खाली उतरायचं. दुसरा बसेल."

ताई दातांच्या दवाखान्यात काम करते. खुर्चीतच थरथरणाऱ्या पेशंटना श्वास घ्यायला शिकवते. मला म्हणाली, "रोज थोडा वेळ बस. खुर्चीवरच. पाठ सरळ, पाय जमिनीला. नाकातून हवा आत येते, बाहेर जाते, तेवढंच बघायचं."

बसलो. डोक्यात जत्रा. विचार हाकलायला गेलो तर दुप्पट आले. वैतागून म्हटलं, "ताई, माझ्याकडून होत नाही हे."

"तू मारामारी करतोयस त्यांच्याशी. मन जाणारच. गेलं हे कळलं की परत श्वासावर ये. रागवू नकोस स्वतःला. हे परत येणं म्हणजेच ध्यान, वेड्या."

मग मी पठ्ठ्याने काय करावं? दुसऱ्या दिवशी केबिनमध्येच डोळे मिटून बसलो. वॉकीटॉकी ओरडत राहिला. मुकादम खालून, "झोपलास का रे वर?" भावोजींनी तर नावच पाडलं, महाराज. ताईने डोक्यावर हात मारला. "कामावर डोळे उघडेच ठेव रे बाबा! सराव घरी करायचा. तिथे फक्त त्याची आठवण ठेवायची."

मग घरीच बसत राहिलो. चमत्कार वगैरे काही नाही. भीती होतीच. पण ती आली की "आली" असं कळायला लागलं. आणि कळलं की हात लगेच धावायचा नाही. मध्ये इवलीशी जागा सापडायची.

आज काचा.

पहिली नीट गेली. दुसरी स्लॅबच्या कडेपर्यंत आली आणि वारा घुसला. काच म्हणजे शीडच, फुगल्यासारखी निघाली भावोजींकडे. त्यांच्या मागे खांब. बाजूला सरकायला जागाच नाही.

"महाराज!" वॉकीटॉकीवर त्यांचा आवाज. पहिल्यांदाच त्यात थट्टा नव्हती.

हात दांड्यावर. ओढ, मागे ओढ, सगळं अंग तेच ओरडत होतं. आत्ता ओढलं असतं तर काच लांबून झोका घेऊन दुप्पट जोराने त्यांच्यावर परत आली असती. हे मला माहीत होतं. नेहमीच माहीत होतं. हाताला माहीत नव्हतं.

भीती आली. पाय फरशीला टेकलेत. नाकातून हवा आत.

हात जागेवर ठेवला.

काच त्यांच्या छातीपर्यंत गेली. भावोजींनी तळवे पुढे धरले, पण पकडलं नाही, शहाणा माणूस. काच थबकली. मागे फिरली. ती मागे निघाली तसा मीही दांडा हलवून तिच्याबरोबर निघालो, हूक हळूच तिच्या डोक्यावर नेला. ती हुकाखाली येऊन लटकली. गप्प. झोका संपला.



वॉकीटॉकीवर मुकादम, "दुसऱ्या माणसाला फोन करू नका रे. हाच असू दे वर."

दांड्यावरचा हात स्थिर होता. म्हटलं, "भावोजी, बरे आहात ना?"

"शर्टाचं बटण गेलं." मोठा श्वास सोडल्याचा आवाज आला. "मेव्हणे, संध्याकाळी तुमची ती खुर्ची जरा मलाही द्या. पण तुमच्या ताईला सांगू नका."

"शब्द. आधी त्या खांबापासून बाजूला या. तुम्ही मोकळ्या जागेत आल्याशिवाय काच हलवणार नाही."

पिवळं टोपण सावकाश सरकलं. मोकळ्या जागेत उभं राहिलं. मग हात वर झाला, आण.

मी एक श्वास घेतला आणि काच खाली सोडायला लागलो.