बाहुलीने टाकलेली कात

"निघाली! निघाली! बघा, केवढी निघाली!"

खोलीभर बायका पुढे झुकल्या. आरशासमोरच्या खुर्चीत बसवलेल्या बाईच्या जेल फासलेल्या गालावरून कातमाईची दोन बोटं गोल गोल फिरत होती आणि गालावरून राखाडी सुरळ्या पांढऱ्या बशीत पडत होत्या. खोडरबराने कागद घासावा, तशा.

"ही तुझी जुनी कात," कातमाई म्हणाली. "लोकांच्या नजरा थरावर थर बसतात, बाई. साबणानं जातात होय? त्याला हाताला देवाचा वर असावा लागतो!"

खुर्चीतल्या बाईने गाल चाचपला आणि तिला रडू फुटलं. तिचं बघून आणखी दोघींनी डोळ्यांना पदर लावला.

दाराजवळच्या बाकावर एक तरुण आई बसली होती. मांडीवर लेक चिऊ, चिऊच्या हातात प्लास्टिकची बाहुली. शेजारी सासूबाई. चिऊच्या गालावर जन्मापासून करंगळीच्या पेराएवढा तपकिरी डाग होता. आईच्या लेखी ती पापा घ्यायची जागा. सासूबाईंच्या लेखी ती काळजी. "उद्या पोरीला कोणी नावं ठेवली, तर मला बोलू नकोस," हे वाक्य वर्षभर उठताबसता ऐकून आई पार थकली होती. नाही म्हणायलाही अंगात त्राण लागतं. आज ते नव्हतं, म्हणून ती आली होती.

पण डोळे उघडे होते.

बाळंतपणानंतर तिच्या स्वतःच्या गालांवर वांगाचे काळपट डाग उमटले होते. तेव्हा ती त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे पीलची चौकशी करायला गेली होती. त्यांनी आडपडदा ठेवला नव्हता. "पील म्हणजे त्वचेवर आम्ल लावायचं, पण मोजून मापून. थोडा वेळ चुरचुरतं. मग चेहरा लाल होतो, ओढल्यासारखा वाटतो. पुढचे काही दिवस पापुद्रे आपले आपण सुटतात. ते ओढायचे नाहीत, उन्हात हिंडायचं नाही, सनस्क्रीन चुकवायचं नाही. नाहीतर डाग जायचे राहतात आणि दुप्पट काळे होतात. वांग पुसट होईल, पण परतही येईल. चालणार असेल तर बघू." आणि चिऊकडे बघून त्या म्हणाल्या होत्या, "हिची खूण खोलवर आहे. पील तिथवर पोचतच नाही. लेकराच्या कातडीला उगाच हात लावायचा नाही."

पापुद्रे सुटायला दिवस लागतात. मग इथे बोट फिरताच कशी कात निघते? आणि म्हातारीची तेवढीच, तरुण पोरीचीही तेवढीच?

इतक्यात ओढणीने तोंड झाकलेली एक बाई पुढे आली. "माई, आग थांबत नाही हो."

"थांबेल कशी? पाप जळतंय. जळतंय म्हणजे गुण येतोय!" कातमाईने हातात रबरी मोजे चढवले आणि टेबलावरची निळी बाटली उचलली. "तीर्थाचा आणखी एक हात देते. आणि मग ती डागवाली पोर आणा. तिला एकदम तीर्थच लावू."

सासूबाई उठल्या. आईने मांडीवर हात घट्ट आवळले, तर मांडी रिकामी.

चिऊ कधीच टेबलाशी पोचली होती. उघड्या डब्यातलं जेल बोटावर घेऊन ती बाहुलीचे गाल घासत होती.

"आई, बघ! बाहुलीची पण निघाली!"

बाहुलीच्या गुलाबी गालावरून राखाडी सुरळ्या खाली पडत होत्या.

कोणीतरी फिस्सकन हसलं. कातमाई घसा खाकरून म्हणाली, "खेळण्यांनाही नजर लागते, बाई."

"प्लास्टिकला?" आई उठली. डब्यात बोट घालून तिने ते आरशावर चोळलं. आरशाचीही कात निघाली.

"आरशाला तर लागणारच," मागून एक आजीबाई म्हणाल्या. "दिवसभर बायकाच बघतात त्यात!"

खोली हसली. आई हसली नाही. हसण्याइतकी ताकद नव्हती.

"हा डिंकासारखा लगदा आहे," ती म्हणाली. "ओला असतो तोवर दिसत नाही, चोळला की गोळे होतात. कात त्याची आहे, आपली नाही. एवढंच असतं तर मी गप्प बसले असते. पण माई, जेलला तुम्ही उघडा हात लावता. मग तीर्थाला हातमोजे कशाला?"

कातमाईने मोजे घातलेला हात पाठीमागे नेला.

"तुमच्याच गालाला लावा ना थोडं. चिऊच्या आधी."

"श्रद्धा नसेल तर चालती हो इथून!"

झाकलेल्या बाईने ओढणी सोडली. गालावर भाजल्याचा काळाकुट्ट डाग होता. काहीजणी चपला शोधू लागल्या. काहीजणी बसूनच राहिल्या. "आता नंबर आलाच आहे, तर..." त्यातली एक पुटपुटली. आईला वाद घालवेना. तिने एका हाताने चिऊला धरलं, दुसऱ्याने त्या बाईला, आणि सासूबाईंना मागोमाग घेऊन थेट डॉक्टरीणबाईंचं दार गाठलं.

त्यांनी गाल तपासला आणि सुस्कारा सोडला. "पील खोटं नसतं हो. पण किती आम्ल, कोणाला, किती वेळ, हे न कळता लावलं, तर त्याला पील म्हणत नाहीत, भाजणं म्हणतात. पुसट होईल, पण सावकाश."

घरी आल्यावर सासूबाई स्वयंपाकघरात गेल्या त्या बराच वेळ बाहेर येईनात. आई डोकावली. कातमाईकडून मागेच आणून ठेवलेलं जेल त्या स्टीलच्या ताटलीवर चोळत होत्या. ताटली कात टाकत होती.

"मला लहानपणी काळी म्हणायचे," त्या मान वर न करता म्हणाल्या. "आयुष्यभर काय काय चोळलं गं मी या तोंडाला. एकदाही आधी ताटलीवर चोळून बघावंसं वाटलं नाही."

आईने नळ सोडला. सासूबाईंनी डबा कचऱ्यात टाकला, ताटली घासली, हात पुसले आणि चिऊला जवळ ओढून तिच्या डागावर ओठ टेकले.

उद्या दुसऱ्या गल्लीत दुसरी कातमाई बसेल. ती चमत्कार दाखवेल तेव्हा टाळ्या वाजवण्याआधी बाटलीत काय आहे ते विचारा. सांगितलं नाही, तर उठा. आणि लेकराच्या गालाला लावण्याआधी एकदा ताटलीला लावून बघा.