दोन आवरणं

दोघी बहिणींच्या मुलांना एकच आजार होता. रक्त गोठत नसे. जरा ठेचकाळलं तरी सांधा टम्म सुजायचा. जनुकोपचाराच्या पहिल्या चाचणीत धाकटीच्या मुलाची निवड झाली. थोरलीनं डॉक्टरांच्या कानावर घातलं, की धाकटीच्या पोराला मोठी कावीळ होऊन गेलीय, यकृत कमकुवत आहे. ते धादांत खोटं होतं. खातरजमा होईपर्यंत जागा थोरलीच्या मुलाला, सोन्याला मिळाली. पुढच्या वर्षांत धाकटीच्या मुलाच्या कोपरात इतक्यांदा रक्त साचलं, की कोपर कायमचा आखडला.

धाकटी भांडली नाही. ती स्वतः याच उपचारावर संशोधन करत होती. निरुपद्रवी केलेला विषाणू हमालासारखा जनुक यकृतापर्यंत वाहून नेतो. पण पहिल्या औषधाचा परिणाम काही वर्षांत ओसरायचा. तिच्या गटानं विषाणूचं आवरण बदललं आणि परिणाम टिकू लागला. ते औषध तिच्या मुलाला मिळालं. रक्तस्राव थांबला. कोपर मात्र सरळ झाला नाही.

सोन्याचा गुडघा पुन्हा सुजू लागला, तेव्हा थोरली प्रयोगशाळेत आली.

"सख्ख्या भाच्यासाठी एवढं करशील ना गं?"

"बस, ताई. चहा मागवू?"

"चहा राहू दे. नवं औषध त्याला कधी देताय?"

"नाही देता येणार. एकदा विषाणू आत गेला, की शरीर त्याला ओळखून ठेवतं. दुसऱ्यांदा दारातच गारद करतं."

"पण तुम्ही आवरण बदललंत म्हणे!"

"दोन आवरणं तयार होती. एक सोन्याच्याही शरीरात शिरलं असतं. दुसरं जुन्याशी मिळतंजुळतं, म्हणून नसतं शिरलं, पण ते थोडं जास्त टिकत होतं. निवड माझ्याकडे होती."

थोरलीचा चेहरा उतरला. "मुद्दाम केलंस?"

"बैठकीत आकडे मांडले, सगळ्यांना पटले. खरे होते ते. तुझ्या काविळीसारखे नव्हते."

"मग ते सोन्याला चालणारं करा ना आता!"

"त्याचं काम बंद झालं. पुन्हा उभं करायचं तर निम्मं आयुष्य जाईल सोन्याचं."

"अगं, त्या पोरानं काय केलं होतं तुझं?"

"माझ्या पोरानं तुझं काय केलं होतं?"

धाकटीनं दार उघडलं. बाहेर बाकावर सोन्या पाय लांब करून बसला होता. मावशीला बघताच हसला.

"मावशी, माझा नंबर कधी?"

"आईला विचार," धाकटी म्हणाली. "तिला सगळं माहीत आहे."

थोरली बाहेर येईपर्यंत ती दार धरून उभी राहिली.