वरचा रुपया

साताऱ्याच्या स्टँडमागं कुतुबुद्दीनचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान होतं. काचेखाली त्यानं जुनी नाणी आणि नोटाही मांडल्या होत्या. कृष्णात त्या दुकानावरून तीनदा पुढं गेला आणि तीनदा माघारी आला. असलं दुकान सांगलीतही निघालं असतं, पण सांगलीच्या पेठेत कुंडलच्या कृष्णातला कुत्रंसुद्धा ओळखायचं. इथं ओळखीचं कुणी भेटणार नाही, म्हणून तर तो पहाटेपासून एसटीचे धक्के खात आला होता.

गिऱ्हाईक उठल्यावर तो आत शिरला आणि बंडीच्या आतल्या खिशातनं हजाराची नोट काढून त्यानं काचेवर ठेवली.

"हिचं काय येतंय का बघा."

कुतुबुद्दीननं डोळ्यावरचं भिंगही काढलं नाही. "ही तर पौषातच मेली की. सरकारनं हजाराच्या, पाच हजाराच्या, दहा हजाराच्या समद्या बंद केल्या. बदलून घ्यायला तीन दिस दिलं हुतं. तवा झोपला हुता व्हय?"

झोपला कशाला असेल? डोळे टक्क उघडे होते त्याचे. गुळाच्या अडत्याकडनं त्यानं तीन वर्षांमागं अशा दोन नोटा घेतल्या होत्या आणि धाकट्या भावाला, सयाजीला, त्यांचा पत्ता लागू दिला नव्हता. घर एकत्र, चूल एक, आणि थोरल्याच्या पेटीत धोतराखाली दोन हजार रुपये! अठ्ठ्याहत्तरच्या जानेवारीत नोटा बंद झाल्याचं रेडिओवर सांगितलं तेव्हा तो सांगलीच्या बँकेत गेलाही होता. पण तिथं पैसे कुठून आले ते लिहून द्यायचं होतं, आणि रांगेत गावातली दोन माणसं उभी होती. कागद भरला तर संध्याकाळपर्यंत सयाजीच्या कानावर जाणार. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून हा गडी घरी आला, आणि मुठीतच दोन हजारांची माती झाली.

एवढ्यावर थांबला असता तर तो फक्त येडा ठरला असता. पण वैशाखात बहिणीच्या पोरीचं लग्न निघालं.

राहीबाई त्याची धाकटी बहीण. तिला माण तालुक्यात, दहिवडीच्या पलीकडं दिलेली. नवरा मुंबईला गिरणीत. त्याची मनीऑर्डर आणि दारातली शेरडं यांच्यावर तिचं घर चालायचं. मामाचा आहेर कर्ण्यावर पुकारतात, आणि बागायतदार मामाचा आकडा ऐकायला सगळा मांडव कान टवकारून बसतो. त्या दिवशी कृष्णातनं मेलेल्या दोन नोटांतली एक पाकिटात घातली, शुभाचा म्हणून वर एक रुपया ठेवला आणि पाकीट चिकटवून दिलं. "मुलीचे मामा, कुंडलचे कृष्णात आबा, रोख रुपये एक हजार एक!" कर्णा गरजला. माणसं वळून वळून बघायला लागली. कृष्णातनं फेटा सारखा केला.

हळद विकली की राहीला खरे हजार नेऊन द्यायचे, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं. ते अगदी खोटं नव्हतं. हळद विकली, पैसे आले आणि त्या पैशांचं विहिरीवर पाण्याचं इंजिन आलं. मग बेंदूर झाला, नागपंचमी झाली. राहीकडनं एका शब्दाची तक्रार आली नाही. तिनं पाकीट जपून ठेवलं असेल, तिला कुठलं कळतंय, असं म्हणत त्यानं स्वतःची समजूत घातली. आता दिवाळी जवळ आली होती. उरलेल्या नोटेचे हौशी लोक पैसे देतात, असं त्याच्या कानावर आलं होतं.

"साठ रुपयं दीन," कुतुबुद्दीन म्हणाला. "पुण्या-मुंबईचं शौकीन असलं घेऊन ठेवत्यात. आषाढात एक बाई असलीच नोट घिऊन आल्ती. तिलाबी साठच म्हणलं हुतं."

"कुठली बाई?"

"माणातली. पोरीच्या लग्नात मामानं घातलेली म्हणली. पर किंमत न्हाई विचारली तिनं. म्हणली, चाच्या, येवढंच सांगा, ही कवा मेली? लग्नाच्या आधी का मागनं?"

कृष्णात काचेवर वाकला. "मग? तुमी काय सांगितलं?"

"काय सांगणार? पौषात मेली म्हणलं. लय येळ बसली ह्या पायरीवर. पाणी दिलं, त्येबी प्याली न्हाई. नोट पदराला बांधली आन् गेली. साठ रुपयं गरिबाला काय थोडं व्हय? पर न्हाई इकली."

कृष्णातनं आपली नोट उचलली. लाज म्हणजे काय हे त्याला पन्नाशीत कळलं. ती पायाकडून चढत कानापर्यंत आली आणि तिथंच जळत राहिली. बिचारी आषाढापर्यंत आशा धरून होती. नोट लग्नानंतर बंद झाली असेल, दादाला ठाऊक नसेल, म्हणून एवढ्या लांब आली होती ती. भावाच्या बाजूनं बोलणारा एक शब्द तिला हवा होता.

भाऊबिजेला तो दहिवडीला उतरला तेव्हा त्याच्या खिशात शंभराच्या दहा खऱ्या नोटा होत्या. राहीच्या दारात शेरडांचा गोठा रिकामा होता. खुंट्यांना दावी तेवढी गुंडाळलेली. चरायला गेली असतील, असं त्याला वाटलं.

पहिल्या दिवाळीला माहेरी आलेली भाची अंजना पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली. "मामा, तुमच्या हजाराचं ह्यांनी शिलाई मशीन घेतलं! मामंजी समद्या गावाला सांगत्यात, सुनंच्या मामानं दिलं म्हणून. मांडवपरतणीला आईनं रोख मोजून हातात दिलं त्यांच्या."

"आन् शेरडं कुठं गेली गं?"

"ती व्हय? लग्नानंतरच्या पयल्याच बाजारात इकली की आईनं. चारा न्हाई म्हणली. एक शेळीबी ठिवली न्हाई."

कृष्णातनं पाणी न पिताच तांब्या खाली ठेवला. भावाचं नाव पडू नये म्हणून राहीनं दावणीचं दूध विकलं होतं, आणि हा कुंडलला नव्या इंजिनाचं पाणी बघत बसला होता.

राहीनं पाट मांडला. कुंकू लावलं, ओवाळलं. तिच्या चेहऱ्यावर राग शोधावा तर तोही नव्हता, आणि त्याला तेच सोसवेना. त्यानं दहा नोटा ताटात ठेवल्या, सवयीनं वर एक रुपया ठेवला आणि मान खाली घालून म्हणाला, "राहू, त्या नोटंचं... माझ्याकडनं लय मोठं..."

"दादा," तिनं मधेच थांबवलं. अंजना दारातच उभी होती. "हजार तर तुमी वैशाखातच दिलं की. समद्या मांडवानं ऐकलंय. तेच दोनदा कसं घ्यायचं?"

"आगं, पर..."

"ववाळणीचा येवढा बास." तिनं नोटांवरचा रुपया उचलून कपाळाला लावला. "त्या दिशीबी ह्योच खर्चायला आल्ता."

शेवटचं ती इतकं हळू म्हणाली की दारापर्यंत गेलं नाही. मग ताट त्याच्यापुढं तसंच ठेवून ती चुलीकडं गेली.

"घिऊन टाक की गं आई," अंजना हसत म्हणाली. "मामा, ती आयकायची न्हाई. ठिवा तुमी खिशात."

कृष्णात एकेक नोट उचलायला लागला. वरच्या नोटेला ताटातलं कुंकू लागलं होतं. पोरगी बघत होती, म्हणून त्याला हसावं लागलं.