नावाड्याचा शेवटचा प्राण

रविवारी दुपारी जेवणाचं टेबल पुसलं की ताई खेळ मांडायची. गोष्ट ती पुढे न्यायची, बाकीच्यांनी एकेक पात्र व्हायचं आणि पेच पडला की फासे टाकायचे. बाबांची सगळी हयात लेथ मशीनवर गेलेली, पण खेळात ते नावाडी. दादा चोर. आई नुसती बघायला.

काम वाईट म्हणून बाबांनी दादाला आपल्या वर्कशॉपमधून काढलं, तेव्हापासून बापलेकात अबोला. मीठसुद्धा आईमार्फत मागायचं म्हणजे काय हो! खेळात मात्र नावाडी आणि चोर एका होडीत खुशाल गप्पा मारायचे. ताईने तेवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप केला होता.

खेळात एक नियम होता. मुक्काम पडला की सोबत्याला एक प्रश्न विचारायचा. उत्तर खरं हवं. खरं की थाप, हे विचारणाऱ्याने ठरवायचं. प्रत्येक पात्राला मोजकेच प्राण; थाप मारली किंवा गप्प बसलं की त्यातला एक गेला. बाबा असे हट्टी की दर मुक्कामाला प्रश्न आला की तोंडाला कुलूप! होता होता नावाड्याचा एकच प्राण उरला. तो गेला की बाबा खेळातून बाद, मग कुठलं बोलणं अन् कुठलं काय.

नावाड्याने पोटच्या पोराला होडीतून उतरवलं होतं, हे बाबांनीच पहिल्या डावात रचलं होतं. आज चोराने नेमकं तेच विचारलं, "नावाड्या, पोराला का उतरवलंस?"

बाबांनी मान फिरवली.

"अगं, खेळच आहे. आजच्यापुरती सूट दे," आई म्हणाली. ताई हो म्हणणार, तोच बाबा कडाडले.

"सूट कसली? मशीनवर सूट घेतली की बोट जातं!"

मग ते फाशाशी चाळा करत राहिले. "लोक म्हणायला लागले, होडी चालवावी तर पोराने. बापापेक्षा त्याचा हात बरा. मला ते बघवेना. काहीतरी खुसपट काढलं आणि उतरवलं."

ताई दादाकडे वळली. "चोरा, खरं की थाप?"

दादा फाशांकडे नाही, थेट बाबांकडे बघत होता. "म्हणजे माझं काम वाईट नव्हतं?"

"छे! फार चांगलं होतं रे," बाबा म्हणाले.