मनाच्या तासाचा गृहपाठ

नववीला ‘मनाचं आरोग्य’ शिकवायचं ठरलं आणि शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांनी एकदम चहाच्या कपात डोकी घातली. माझं बाळ तापलेलं, मी उशिरा पोचले आणि विषय माझ्या गळ्यात पडला.

मुलांना तास आवडायचा. पण मोठ्या बाईंना चैन पडेना. “गुण नसतील तर कोण लक्ष देणार?” म्हणून त्यांनी वर्गात येऊन परस्पर दहा गुणांचा गृहपाठ जाहीर केला: ज्याला बरं वाटत नाही अशा एकाची मनापासून विचारपूस करा.

दहा गुणांसाठी ही कार्टी दगडाचीही विचारपूस करतील. त्यांना भोंगा सापडली. भोंगा म्हणजे वर्गातली सगळ्यात बडबडी मुलगी. एरवी तिला गप्प करताना माझा घसा बसायचा. हल्ली मात्र बाकावर डोकं टेकून असायची. मी विचारलं तर म्हणायची, “झोप झाली नाही, बाई.”

आयतं गिऱ्हाईक! शेवटच्या तासाआधी अख्खा वर्ग तिच्यावर तुटून पडला.

“बरी आहेस ना? मनापासून विचारतेय हं.”

“ए, ढकलू नको, माझा नंबर आहे!”

“तुझं झालं ना? सरक आता.”

भोंगा पळाली ती थेट मुलींच्या स्वच्छतागृहात. आतून कडी.

मी दाराशी गेले. “उघड गं.”

“नाही.”

“बरं.” मी बादली पालथी घालून बसले. शाळा सुटली. पाळणाघरातून बाळाला आणायची वेळ झाली. मी नवऱ्याला फोन लावला.

“आज तू आण त्याला.”

“अगं, मीटिंग आहे!”

“मग मीटिंगला मांडीवर घेऊन बस.”

आतून फिस्सकन हसल्याचा आवाज आला. गप्प बसणं मला जन्मात जमलेलं नाही. बाळ झोपलं तरी माझी टकळी चालूच असते. इथे जमवलं.

“सगळ्यांनी विचारलं,” आतून आलं, “पण उत्तराला कोणी थांबलंच नाही.”

“मी थांबलेय.”

“मला सकाळी उठावंसंच वाटत नाही, बाई. कशातच मजा नाही. आणि झालेलं तर काहीच नाही. घरी सगळं छान आहे. म्हणून तर लाज वाटते.”

“मरून जावं असं वाटतं का गं?”

“तसं नाही. नुसतं पडून राहावं.”

“असं काही झालेलं नसतानाही होतं, राणी. आणि बरंही होतं. आईला सांगितलंस?”

“ती म्हणेल, तुला काय कमी आहे?”

“मग मी येते तुझ्याबरोबर. आईला सांगू, नंतर तिघी मिळून डॉक्टरांकडे जाऊ.”

“आज?”

“आत्ता.”

कडी निघाली. डोळे सुजलेले, नाक लाल, वेणी सुटलेली.

“आईसमोर सुरुवात तुम्ही करा हं,” ती म्हणाली. “पुढचं मी बोलते.”